तळ्यांची शकावली : जलपर्णी, नकाशा आणि पनवेल

ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात माया परमात्मस्वरूपाला कशी झाकून टाकते हे सांगताना ज्ञानदेवांनी बाबुळीचा दृष्टान्त योजला आहे. बाबुळी म्हणजे पाण्यावरचे शेवाळ. ते पाण्यातच उपजते, पाण्यावरच पोसते आणि शेवटी पाण्यालाच दिसेनासे करते. झाकणारी वस्तू बाहेरून आलेली नसते, जे झाकले जाते त्याच्यातूनच ती वर येते, हे या दृष्टान्ताचे मर्म आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय अध्यात्म नाही. तरीही या दृष्टान्तापासून आरंभ करण्यास कारण आहे. आपल्या तळ्यानद्यांवर आज जी हिरवी चादर पसरलेली दिसते, त्या जलपर्णीचा इतिहास बहुतेक वेळा याच्या नेमका उलट सांगितला जातो. दूरदेशीची एक वनस्पती आली, तिने आक्रमण केले, आमचे पाणी गिळले, अशी ती कथा असते. या कथेत तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. अलीकडे ठिकठिकाणचे स्वयंसेवक हातातील मोबाइलवर तळ्यांचे नकाशे भरू लागले आहेत. कोणत्या काठाला कोणती पाणवनस्पती किती पसरली याच्या नोंदी ठेवू लागले आहेत. या नोंदी उरलेले अर्धे तथ्य सांगतील की पहिलेच अर्धे पुन्हा घोकतील, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१

पनवेलची तळी हे या विषयाचे चांगले उदाहरण ठरावे. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे ही नावे एका ओळीत उच्चारून पाहिली, तर त्यांच्या शेवटी येणारा 'आळे' कानाला लागल्याखेरीज राहत नाही. झाडाच्या बुंध्याभोवती पाणी धरून ठेवण्यासाठी मातीचे जे कडे करतात, त्यालाही मराठीत आळेच म्हणतात. व्युत्पत्तीचा दावा आम्ही करीत नाही. पण पाणी अडवून, सांभाळून ठेवण्याची कल्पना या नावांच्या नादात वाचकास ऐकू यावी.

खाडीकाठच्या गावाला अशा सांभाळलेल्या गोड्या पाण्याचे मोल वेगळेच असते. पनवेल हे बंदराचे आणि वाटेवरचे गाव. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून देशावरचा माल घाट उतरून येथे येई आणि येथून पाण्याच्या वाटेने मुंबईस जाई. गाड्यांची चाके बनविणे हा येथील नावाजलेला धंदा असून देशावरचा प्रत्येक गाडीवान परतताना चाकांची एक जोडी नेण्याची खटपट करतो, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात आहे. बेने इस्रायल समाजाचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर १८४९ चे. नगरपालिका १८५२ ची, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. १८८३ मध्ये तालुका ठाणे जिल्ह्यातून कुलाब्यात गेला, पुढे कुलाब्याचे रायगड झाले, १ ऑक्टोबर २०१६ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारीच नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. गाडीच्या चाकांपासून विमानाच्या चाकांपर्यंतचा हा प्रवास कौतुकाचा खरा. पण या प्रवासात तळ्यांचे काय झाले, हे कोणत्या दप्तरात पाहावयाचे?

तळ्यांना पूर्वी काम होते. जनावरे पाण्यावर येत, धुणी होत, बाजारास आलेल्या गाड्यांचे बैल तेथेच तहान भागवीत. पुढे नळ आले, देहरंगच्या धरणाचे पाणी घरात आले आणि तळ्यांचे काम संपले. आमच्या मते येथे एक गोष्ट निसटून जाते. तळ्याचे काम संपले तेव्हा त्याचे साक्षीदारही संपले. धुणे धुणारी बाई, गुरे पाण्यावर नेणारा पोर, जाळे टाकणारा कोळी यांना पाण्याचा रंग, वास, पातळी आणि त्यावर उगवणारे प्रत्येक पान रोज दिसत असे. त्यांनी काही लिहून ठेवले नाही. त्यांच्या डोळ्यांतच ती नोंदवही होती. ती बंद झाल्यावर तळे हे वर्षातून एकदा, गणेशविसर्जनाच्या दिवशी आठवण्याचे स्थळ झाले. मोबाइल घेऊन काठावर उभा राहणारा आजचा स्वयंसेवक हा खरे पाहता या नाहीशा झालेल्या साक्षीदारांचा वारस आहे. त्याच्याकडे उपकरण आहे; त्यांच्याकडे नित्याचा सहवास होता. उपकरणाने सहवासाची जागा भरून निघते का, हे पाहावयाचे आहे.

२

आधी शब्दांकडे पाहू. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये आला, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये. त्या काळी आजची जलपर्णी हिंदुस्थानात पोहोचलीच नव्हती; तेव्हा तिच्यासाठी मराठीत शब्द असण्याचे कारण नव्हते. मराठीजवळ होते ते शेवाळ, बाबुळी, गोंडाळ, कमळ, कुमुद, शिंगाडा, पाणकणीस. यांपैकी गोंडाळ ही पाण्यावर तरंगणारी, कोबीच्या लहान गड्ड्यासारखी दिसणारी वनस्पती. नवी पाहुणी आली तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील नदीकाठच्या माणसाने तिला केंदाळ म्हटले. हिंदीने जुना 'कुंभी' शब्द ताणून जलकुंभी केले. मराठी वर्तमानपत्रांनी आणि कचेऱ्यांनी जलपर्णी हा संस्कृत वळणाचा, दिसायला देखणा शब्द रूढ केला. केंदाळ या शब्दात त्रासलेपण आहे. जलपर्णीत ते नाही. एखाद्या नायिकेला शोभावे असे हे नाव आहे.

शास्त्रीय नावाचा प्रवास याहून मनोरंजक आहे. वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातील. मार्टियस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने ब्राझीलच्या प्रवासानंतर १८२० च्या दशकात तिचे वर्णन केले आणि तिला पाँटेडेरिया या प्रजातीत बसविले. १८४० च्या दशकात कुंट याने आयकहॉर्निया ही वेगळी प्रजाती कल्पिली व तिला आयकहॉर्न नामक प्रशियाच्या मंत्र्याचे नाव दिले. १८८३ पासून आयकहॉर्निया क्रॅसिपेस हे नाव स्थिर झाले आणि शतकाहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत राहिले. २०१८ मध्ये जनुकीय पुराव्यांच्या आधारे संशोधकांनी तिला परत पाँटेडेरियात नेऊन बसविले. ज्या मंत्र्याचे नाव दीड शतक जगभरच्या गटारांवर तरंगले, ते असे एका शोधनिबंधाने पुसले गेले.

नावाची चूक किती महाग पडते याचे दुसरे उदाहरण साल्व्हिनियाचे आहे. केरळात तिला 'आफ्रिकन पायल' म्हणतात. ती मात्र मूळची ब्राझीलची. ही तरंगती नेचेवर्गीय वनस्पती विसाव्या शतकात आशिया-आफ्रिकेतील जलाशयांवर पसरली, तेव्हा शास्त्रज्ञ तिला तिच्याच एका बहिणीच्या नावाने ओळखत होते. त्या बहिणीवर जगणारे कीटक शोधून आणले गेले आणि ते निष्प्रभ ठरले. १९७२ मध्ये मिचेल यांनी ती निराळी जाती असल्याचे दाखवून तिला साल्व्हिनिया मोलेस्टा हे नाव दिले. मग तिचे खरे माहेर आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले आणि त्या माहेरचा एक इवलासा भुंगेराही. १९८० मध्ये तो ऑस्ट्रेलियातील मूनडारा जलाशयात सोडला गेला आणि थोड्याच काळात जलाशय मोकळा झाला. हा भुंगेराही आधी ओळखलेल्या जातीचा नसून नव्या जातीचा आहे, हे नंतर १९८५ मध्ये कळले. १९८० च्या दशकात तो केरळात सोडण्यात आला व तेथेही त्याचा उत्तम परिणाम दिसला. अचूक नाव म्हणजे पांडित्याचा हव्यास, असे मानणाऱ्यांनी ही कथा लक्षात ठेवावी. तळ्याच्या काठी उभे राहून मोबाइलवर 'जलपर्णी' या खुणेवर बोट ठेवणारा तरुणही याच कथेतील एक पात्र आहे. त्याने कुमुदाला जलपर्णी म्हटले, तर उद्या यंत्र कुमुदही उपसून काढील.

३

जलपर्णीच्या हिंदुस्थानातील इतिहासाचा मोठा अध्याय बंगालमध्ये घडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बागेची शोभा म्हणून आलेली ही जांभळ्या फुलांची वनस्पती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पूर्व बंगालच्या नद्या, बिले आणि भातखाचरे व्यापून बसली. नावा अडल्या, मासळी घटली, पिके बुडाली. तिला कचुरीपाना म्हणत. शिवाय 'जर्मन पाना' असेही म्हणत, कारण ती जर्मनांनी मुद्दाम सोडली अशी आवई होती. १९२१ मध्ये सरकारने जगदीशचंद्र बसू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९३६ मध्ये खास जलपर्णीचा कायदा झाला. आपल्या ताब्यातील जमिनी-पाण्यावरील जलपर्णी नष्ट करणे हे ज्याचे त्याचे कर्तव्य ठरले. १९३७ च्या निवडणुकीत पक्षांनी बंगाल जलपर्णीमुक्त करण्याची वचने दिली आणि फजलुल हक यांच्या सरकारने ती वचने मनावर घेऊन मोहीम काढली. १९३९ मध्ये जलपर्णी-सप्ताह पाळला गेला. गावोगावचे लोक पाण्यात उतरले. स्वयंसेवकांनी जलपर्णीशी झुंजावे ही कल्पना आपल्या काळाची नाही, ती निदान इतकी जुनी आहे.

या मोहिमेची एक बाजू इतिहासकार इफ्तिखार इक्बाल यांनी बंगालच्या त्रिभुज प्रदेशावरील आपल्या ग्रंथात (२०१०) उजेडात आणली आहे. जलपर्णी फोफावली ती केवळ आपल्या अंगच्या जोमाने नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या भरावांनी वाहते पाणी जागोजाग अडविले होते. अडलेले पाणी हे तिचे आवडते घर. भराव सरकारी होते, वनस्पती परदेशी होती. दोष वनस्पतीवर ठेवणे सोयीचे होते आणि तिला उपटण्याचा भार शेतकऱ्यावर ठेवणे त्याहून सोयीचे. 'जर्मन पाना' या नावाने हेच काम अधिक झोकात केले. शत्रू बाहेरचा ठरला की घरातले बांधकाम तपासावे लागत नाही.

या बंगाली अध्यायात एक मराठी माणूस आहे, आणि त्याचे स्मरण आपल्याकडे या संदर्भात सहसा केले जात नाही. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ चा, मालवणचा. तरुणपणी पश्चिम घाटातील एका नदीत त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश सापडला. तोपर्यंत तसला प्राणी आफ्रिकेतूनच ठाऊक होता, आणि १९१२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्याची वार्ता आली. पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे रासबिहारी घोष प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या पदाच्या तयारीसाठी ते १९१४ मध्ये जर्मनीस गेले आणि महायुद्ध पेटल्याने तेथेच अडकून पडले. मायदेशी नदीकाठचे लोक एका वनस्पतीला 'जर्मन' म्हणून शिव्या घालीत होते, तेव्हा तिच्याकडे पुढे शास्त्राच्या नजरेने पाहणारा माणूस खुद्द जर्मनीत परशत्रूचा प्रजाजन म्हणून दिवस काढीत होता. इतिहास अशी वक्रोक्ती स्वतःच रचतो. लेखकाला तीत भर घालावी लागत नाही.

आघारकरांनी १९३० च्या सुमारास आय. बॅनर्जी यांच्यासह जलपर्णीचे परागण आणि बीजधारणा यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न वरवर रुक्ष होता : ही वनस्पती येथे बी धरते की केवळ फुटव्यांनी वाढते? पण साऱ्या मोहिमांचे भवितव्य त्यावर अवलंबून होते. फुटव्यांनीच वाढत असेल, तर एकदा पूर्ण उपसली की संपली. बी धरीत असेल, तर ते तळाच्या गाळात वर्षानुवर्षे वाट पाहत पडून राहणार. जलपर्णी दोन्ही करते. तिचे बी पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहू शकते. म्हणून आज मोकळे दिसणारे तळे हे मोकळे झालेले तळे असतेच असे नाही. आघारकर पुढे पुण्यास आले आणि १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९९२ पासून तिची संशोधनसंस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

४

महाराष्ट्रात ही वनस्पती आता नित्याची झाली आहे. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, उल्हास, पंचगंगा या नद्या. पवई, पाषाण, रंकाळा, अंबाझरी हे तलाव. या नावांच्या बातम्यांत जलपर्णी हटकून येते. आळंदीहून पालखीचे प्रस्थान जवळ आले की इंद्रायणी स्वच्छ करण्याची धावपळ सुरू होते. पवनेच्या काठी २०१७-१८ पासून वाल्हेकरवाडीच्या रोटरी क्लबच्या पुढाकाराने जलपर्णीमुक्तीची लोकमोहीम चालली. नोकरदार, विद्यार्थी, गृहिणी असे नाना प्रकारचे लोक सुटीच्या दिवशी नदीत उतरले आणि ट्रकच्या ट्रक भरून जलपर्णी बाहेर काढली. त्या श्रमांविषयी आम्हांस आदर आहे.

परंतु ट्रक हे माप फसवे असते. जलपर्णीच्या वजनात सुमारे नव्वद-पंचाण्णव टक्के पाणीच असते. बाहेर काढलेला ढीग काठावरच राहिला, तर कुजून त्यातील पोषक द्रव्ये पावसाबरोबर पुन्हा पाण्यात जातात. अनुकूल काळात तिचा पसारा पंधरवड्यात दुप्पट होऊ शकतो. म्हणजे अर्धे तळे साफ करून थांबलो, तर दोन आठवड्यांत आपण होतो तेथेच येतो. ती एवढ्या वेगाने वाढते, कारण तिला भरपूर अन्न मिळते. ते अन्न म्हणजे सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद. ते आपणच तिला घरोघरच्या मोऱ्यांतून, शौचालयांतून, साबणाच्या फेसातून पोहोचवितो. वर पाने गच्च झाली की खाली उजेड जात नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात, मुळांच्या आश्रयाने डास वाढतात. १९८० च्या दशकात जलपर्णी खाणारे भुंगेरे भारतात आणून प्रथम बंगळूरच्या तलावांत सोडण्यात आले. त्यांनी हेब्बाळ आणि बेळ्ळंदूर येथे तिला आटोक्यात आणल्याचे दिसले. पण त्याच बेळ्ळंदूर तलावावर पुढे फेसाचे डोंगर उठले आणि २०१५ नंतर आगीही लागल्या. भुंगेऱ्याने आपले काम केले होते. सांडपाणी थांबविणे हे काही भुंगेऱ्याचे काम नव्हे.

ज्ञानदेवांची बाबुळी येथे पुन्हा आठवते. बी परदेशी असेल, पण चादर विणली जाते ती आपल्याच पाण्यातून.

५

आता नकाशा. हिंदुस्थानात नकाशा ही दीर्घकाळ सरकारी आणि लष्करी वस्तू होती. भारतीय सर्वेक्षण खात्याचा उगम १७६७ चा. त्याचे साखळ्या ओढणारे, झेंडे धरणारे, डोंगर चढणारे खलाशी असंख्य होते. नकाशाच्या कोपऱ्यात नाव मात्र साहेबाचे. स्वातंत्र्यानंतरही किनारपट्टीच्या प्रदेशाचे तपशीलवार नकाशे सामान्य नागरिकास सहजी मिळत नसत. आपल्या गावच्या तळ्याचा नकाशा मागणारा माणूस संशयास पात्र ठरे.

हे चित्र अगदी थोड्या वर्षांत पालटले. मे २००० मध्ये अमेरिकेने आपल्या उपग्रहांच्या स्थाननिदर्शक संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसाच्या हातातील यंत्र शंभर मीटरऐवजी काही मीटरच्या अचूकतेने बोलू लागले. २००४ मध्ये ओपनस्ट्रीटमॅप हा कोणीही भरावा, कोणीही वापरावा असा नकाशा सुरू झाला. २००५ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाने आक्रमक वनस्पतींच्या नोंदींसाठी नकाशा उघडला. २००८ मध्ये भारतात जैवविविधतेच्या लोकनोंदींसाठी इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आले, २००९ मध्ये इस्रोचे भुवन. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांना नकाशे करण्यासाठी लागणाऱ्या परवानग्यांचे बहुतेक ओझे उतरविले. ज्याला खलाशी म्हणून साखळी ओढावी लागली असती, तो आता स्वतःच्या नावाने बिंदू मांडू शकतो.

हा बिंदू आवश्यक का, हे एका आकड्याने कळेल. इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने २०११ मध्ये देशाचा पाणथळ-नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात दोन लाखांहून अधिक पाणथळ जागांच्या सीमा आखल्या आहेत. आणि सव्वादोन हेक्टरांहून लहान अशा ५,५५,५५७ जागा केवळ ठिपके म्हणून दाखविल्या आहेत. गावोगावची देवळांपुढची, वेशीजवळची तळी बहुधा या ठिपक्यांत आहेत. ठिपक्याला काठ नसतो, पूर्व-पश्चिम नसते, त्यावर पसरलेल्या पानांचे मोजमाप होऊ शकत नाही. नंतरच्या काळातील युरोपीय उपग्रह दहा मीटरच्या चौकटीत पाहतात, पण ऐन पावसाळ्यात ढगांपुढे तेही आंधळे. शिवाय वरून दिसतो तो नुसता हिरवा रंग. तो कमळाचा, गोंडाळाचा की जलपर्णीचा, हे ठामपणे सांगायला काठावर माणूसच लागतो.

त्या माणसाने काय करावे याचे शास्त्र फार अवघड नाही. ठरलेल्या जागी उभे राहून ठरलेल्या दिशेने छायाचित्र घ्यावे, तारीख-वेळ लिहावी, पाण्याचा किती भाग झाकला आहे याचा अंदाज पाव, अर्धा, पाऊण अशा ढोबळ पायरीने द्यावा, पान, फूल, देठाचा फुगा यांची जवळून छबी घ्यावी. जलपर्णी वाऱ्याने सरकते, म्हणून सकाळी पश्चिमेला असलेली चादर संध्याकाळी पूर्वेला सापडते. वेळ न लिहिलेला नकाशा म्हणजे तिथी नसलेले पत्र. आणखी एक पथ्य आहे. स्वयंसेवक बागेच्या, बाकाच्या, रस्त्याच्या बाजूने फिरतात. झोपडीमागचा, भिंतीपलीकडचा काठ कोणी पाहत नाही, आणि नाला अनेकदा तेथेच तळ्याला मिळतो. नकाशावर कोरा राहिलेला काठ स्वच्छ नसतो, तो न पाहिलेला असतो. म्हणूनच 'आज येथे काही दिसले नाही' ही नोंदही 'दिसले' इतकीच मोलाची.

६

मराठी इतिहासलेखनाच्या अभ्यासकांना बखर आणि शकावली यांतील भेद सांगण्याची गरज नाही. बखर रसाळ असते. तिच्यात नायक असतो, खलनायक असतो, संवाद असतात, आणि पुष्कळदा तारखांचा घोळ असतो. शकावली कोरडी असते : शक, तिथी, एका वाक्यात घटना. राजवाड्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर कोरडे ओढले ते उगीच नव्हे. टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यातील एका ओळीने शिवजन्माच्या तिथीविषयीचा रूढ समज हादरला. कोणाच्याही पराक्रमाचे वर्णन न करणारी ती ओळ साऱ्या रसाळ बखरींना भारी पडली.

जलपर्णीची बखर आपल्याजवळ पुष्कळ आहे. परदेशी शत्रू, घायाळ तळे, उद्धारक यंत्र, फीत कापणारे हात. नाही ती शकावली. अमुक तळ्यावर अमुक साली कोणत्या महिन्यात पाने दिसू लागली, उपसल्यावर किती आठवड्यांनी परतली, त्या आधी कोणती वसाहत उभी राहिली, कोणता ओढा गटार झाला, याच्या सलग नोंदी नाहीत. त्या असत्या, तर पंधरा वर्षांनी एखादा अभ्यासक केवळ तारखा शेजारी शेजारी ठेवून कारण आणि परिणाम यांची सांगड घालू शकला असता. मोबाइलवर भरलेला नकाशा हा अशी शकावली होऊ शकतो. मात्र त्यासाठी दोन अटी आहेत.

पहिली अट अशी की, पानांबरोबर पाण्याचीही नोंद व्हावी. जलपर्णीचा बिंदू मांडणाऱ्याने जवळच्या नाल्याच्या तोंडाचाही बिंदू मांडावा. केरळातील आलप्पुळा येथे २०१७ पासून मुंबईच्या आयआयटीतील अभ्यासकांनी तेथील संस्थांच्या साहाय्याने कालव्यांचा जो उपक्रम हाती घेतला, त्यात विद्यार्थ्यांनी कालव्यांची आणि त्यांत येणाऱ्या सांडपाण्याची पाहणी केली; तरंगता कचरा मोजून ते थांबले नाहीत. नुसत्या वनस्पतीचा नकाशा निर्मळ मनाने केला, तरी तो बंगालमधल्या 'जर्मन पाना'चेच काम करील. उपसण्याचे कंत्राट काढायला तो पुरेल. सांडपाण्याविषयी विचारायला पुरणार नाही. स्वयंसेवकाच्या श्रमाचा असा विनियोग झाला, तर त्याची फसवणूकच होईल, आणि ती त्याच्याच नकाशाच्या आधारे होईल.

दुसरी अट सातत्याची. जागतिक पर्यावरण दिनी शंभर जणांनी मांडलेल्या शंभर बिंदूंपेक्षा एका माणसाने दर पंधरवड्याला वर्षभर मांडलेले चोवीस बिंदू अधिक सांगतात. धुणे धुणाऱ्या बाईचे ज्ञान याच जातीचे होते. ती रोज येई म्हणून तिला बदल कळे. उपकरण सहवासाची जागा घेऊ शकते का, असा प्रश्न आम्ही वर विचारला होता. घेऊ शकत नाही; पण सहवास असेल, तर उपकरणामुळे त्याची साक्ष दप्तरी लागू शकते. पूर्वीच्या साक्षीदारांच्या वाट्याला हे कधी आले नाही.

७

साहित्याच्या अभ्यासकांचा या खटाटोपाशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते संबंध थेट आहे. नकाशा ही बिंदूंइतकीच शब्दांची वस्तू आहे. मोबाइलवरील यादीत वनस्पतींची नावे इंग्रजीत किंवा लॅटिनमध्ये असतात. घाटाला, पाळीला, ओढ्याला, उतारावरच्या जुन्या झाडाला असलेली गावची नावे त्यात नसतात. ती नावे अजून काही वृद्धांच्या तोंडी असतील. पनवेल परिसरातील आगरी, कोळी, कातकरी यांच्या बोलींत पाणवनस्पतींना काय म्हणतात, कोणत्या पानाची भाजी होई, कोणते पान गुरांना वर्ज्य असे, कोणत्या तळ्याच्या कोणत्या अंगाला कोण उतरत असे, हे विचारून घेणे मराठीच्या विद्यार्थ्याला वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक चांगले जमावे. एका महाविद्यालयाच्या दोन विभागांनी एक तळे वाटून घेतले आणि एकाने पाने, दुसऱ्याने नावे नोंदविली, तर तीन वर्षांत जे तयार होईल ते प्रकल्पाच्या फायलीत दडपून टाकण्याजोगे नसेल.

वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे ही नावे अजून उच्चारली जातात. प्रत्येक नावाखाली पहिली ओळ लिहायला एक तारीख, एक काठ, एक नाला आणि पाण्याचा किती भाग उघडा आहे याचा एक प्रामाणिक अंदाज एवढे पुरे आहे. दुसरी ओळ पंधरा दिवसांनी लिहावी.